बहात्तराव्या रकान्यापलीकडे

[दृश्य: दोना पावला, झुवारीचं मुख, पलीकडे मुरगाव बंदर]

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे गोव्याच्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण मुरगावला भरती नेमकी किती वाजता लागेल, याला आकडेमोड लागते. समुद्रविज्ञानातली अशी आकडेमोड बरीचशी फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली आहे. रॉम्स, मॉम ही सागरी प्रारूपंही त्याच भाषेतली. आयबीएमने 1957 मध्ये आणलेल्या या भाषेचं पहिलं मानक 1966 चं, सध्याचं 2023 चं. जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर, चालावा, ही या मानकांची मोठी काळजी. तरी प्रोग्रॅम मोडतात. कारण मानक हमी देतं ती लिहिलेल्या नियमांची. कंपायलरच्या सवयींची हमी कुणीच दिलेली नसते.

[दृश्य: पडद्यावर जुना कोड, बहात्तराव्या रकान्यावर लाल रेघ]

जुन्या मांडणीत ओळीतल्या प्रत्येक अक्षराची जागा म्हणजे एक रकाना. पहिल्या रकान्यात ‘सी’ असेल तर ती ओळ नुसता शेरा. एक ते पाच लेबलसाठी, म्हणजे विधानाच्या क्रमांकासाठी. सहाव्यात खूण असेल तर ती आधीच्या ओळीची पुढची ओळ. विधान सात ते बहात्तरमध्ये. प्रोग्रॅम तेव्हा छिद्रं पाडून पंचकार्डावर लिहायचे. त्याला रकाने ऐंशी, पण आयबीएम 704 चा कार्डवाचक एका आडव्या रांगेतून 36 बिटांचे दोनच शब्द उचलायचा, म्हणजे बहात्तर रकाने. उरलेल्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक.

पुढे काही कंपायलरांनी 132 रकान्यांची सवलत दिली, आणि लोकांनी लांब ओळी लिहिल्या. आता ही ओळ पाहा. मुख्य चांद्र भरतीची वारंवारता, ताशी 0.0805114 आवर्तनं. बहात्तरावा रकाना दोन शून्यांमधल्या ‘8’ वर संपतो. सवलतीचा पर्याय न देता कंपाइल केलं की पुढचे आकडे गळतात आणि उरतं 0.08. संख्या वैध, म्हणून चूक दाखवली जात नाही. आवर्तकाळ 12.42 तासांचा साडेबारा होतो, आणि दहा दिवसांत भरतीची वेळ दीड तासाने सरकते. जीफोर्ट्रान या आजच्या कंपायलरला ‘वॉल’ पर्याय दिला तर तो ओळ कापल्याचा इशारा देतो. ‘फिक्स्ड-लाइन-लेंग्थ-132’ दिलं की आकडा पुन्हा पुरा.

दुसरा सापळा सबरूटीनमधल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा बोलावता येणाऱ्या उपप्रोग्रॅममधल्या, स्थानिक चलांचा. 1977 चं मानक सांगतं, सबरूटीन संपली की त्यांच्या किमतीचा भरवसा नाही, टिकवायची तर ‘सेव्ह’ लिहा. पण तेव्हाचे अनेक कंपायलर हे चल कायमच्या जागी ठेवायचे. न लिहिताही काम भागायचं, मग लिहितो कोण! आजचा कंपायलर तेच चल स्टॅकवर, म्हणजे कॉल संपला की मोकळ्या होणाऱ्या जागेत, ठेवतो. पहिल्या कॉलला साठवलेली किंमत दुसऱ्या कॉलला वाचायला जावं, तर तिथे भलताच आकडा. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार, बंद केलं की कधी उत्तर बरोबर येतं, आणि दोष कंपायलरवर ढकलला जातो. ‘नो-ऑटोमॅटिक’ हा पर्याय तात्पुरता इलाज. खरा इलाज सेव्ह लिहिणं.

तीच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ‘डू’ लूपचंही तसंच. 1977 पूर्वीच्या अनेक कंपायलरांत लूप किमान एकदा फिरायचाच, नव्यात फेऱ्या शून्य असतील तर तो फिरत नाही. नोंदी शून्य असलेल्या दिवशी जुना आणि नवा प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतात.

[दृश्य: टर्मिनल, कंपाइलचे संदेश]

जुना प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर आणायचं काम सुरू करताना कोडला हात लावू नये. आधी जुन्या यंत्रावरचं इनपुट आणि आउटपुट जपून ठेवावं. मग नव्या कंपायलरवर जुन्या रीती चालवून घेणाऱ्या ‘एसटीडी-लेगसी’ने बांधावं, यादीच्या हद्दीबाहेर वाचन होतं का हे तपासणारं ‘चेक-बाउंड्स’ लावावं, आणि चलांमध्ये सुरुवातीलाच अवैध संख्या भरून गणितात ती आली की प्रोग्रॅम थांबेल असं करावं. जीफोर्ट्रान ज्या संचात येतो त्या जीसीसीच्या 10 व्या आवृत्तीपासून सबरूटीनला चुकीच्या प्रकारचं मूल्य देणं ही थेट चूक ठरते. ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ने ती दाबता येते, पण दाबण्याआधी ती ओळ वाचलेली बरी. बायनरी फाइल असेल तर बाइटचा क्रम तपासावा, कारण तो यंत्रागणिक वेगळा असू शकतो. उत्तराचा शेवटचा अंक जुळला नाही तर घाबरायचं कारण नाही. तिसराच जुळत नसेल तर मात्र थांबावं.

ऋण, शून्य, धन अशा तीन वाटा देणारा जुना ‘इफ’ 1990 च्या मानकाने कालबाह्य यादीत टाकला आणि 2018 च्या मानकाने काढला. म्हणजे निरोपाला जवळपास तीन दशकं! जीफोर्ट्रान तो आजही चालवून घेतो, फक्त कुरकुरतो. तेव्हा घाईने बदलायची गोष्ट ती नाही. आधी मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले सगळे पर्याय लिहून ठेवावेत, कारण 132 ची सवलत कोडमध्ये कुठेच दिसत नाही.