विमा होता, हिशोब उरला नव्हता

(दृश्य: इंग्लंडमधला महामार्ग, पहाटेची मालवाहतूक)

इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये ओल्ड नावाचं एक खेडं आहे. १८६५ साली तिथे मालवाहतुकीचा धंदा सुरू झाला: नाइट्स ऑफ ओल्ड. दोन महायुद्धं आली नि गेली, रेल्वेची स्पर्धा आली, धंदा टिकला. पुढे आणखी काही वाहतूक कंपन्यांबरोबर तो केएनपी या समूहात आला. २०२३ मध्ये या समूहाच्या जवळपास ५०० गाड्या रस्त्यावर होत्या.

त्या वर्षीच्या जूनमध्ये कार्यालयातले संगणक उघडेनासे झाले. पडद्यावर 'आकिरा' नावाच्या टोळीचा निरोप होता: तुमच्या कंपनीची आतली यंत्रणा मेली आहे, रडणं-रागावणं बाजूला ठेवून बोलणी करू. खंडणीचा आकडा त्यात नव्हता. अशा वाटाघाटींतल्या जाणकारांनी तो ५० लाख पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज बांधला. टोळी आत शिरली ती बहुधा एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड ओळखून. कंपनीचे संचालक पॉल अ‍ॅबट यांनी त्या कर्मचाऱ्याला ही गोष्ट सांगितली नाही. 'तो माणूस तुम्ही असता, तर तुम्हाला कळावंसं वाटलं असतं का?' असं त्यांनी पुढे बीबीसीला विचारलं.

कंपनीने सायबर विमा काढलेला होता. विमा कंपनीने पाठवलेलं तज्ज्ञांचं पथक दुसऱ्याच दिवशी सकाळी दाखल झालं. त्यांना दिसलं ते भयंकर होतं. सगळी माहिती कुलूपबंद, सर्व्हर उद्ध्वस्त, बॅकअप उद्ध्वस्त, आणि संकटकाळासाठी उभारलेली पर्यायी यंत्रणाही उद्ध्वस्त.

गाड्या शाबूत होत्या. चालक होते, गिऱ्हाइकं होती. पण कोणाकडून किती येणं आहे, किती देणं आहे, महिन्याचा नफा किती, हे सिद्ध करणारे आकडे हाती राहिले नाहीत. नवं भांडवल देणाऱ्याला दाखवायचं काय? सप्टेंबरमध्ये समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. सुमारे ७०० माणसांचा रोजगार गेला.

(दृश्य: औद्योगिक वसाहत, लेथचा आवाज, कोपऱ्यात एक संगणक)

ही गोष्ट महाराष्ट्रात सांगायची, कारण आकडे हरवले की आपल्याकडचा लहान कारखानदार आणखी लवकर अडचणीत येईल. ज्याचं बँकेत कॅश क्रेडिट खातं आहे, त्याला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. गोदामात माल किती, पार्ट्यांकडे उधारी किती, त्यावर ड्रॉइंग पॉवर ठरते, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ते. हे सगळं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. टॅली एका संगणकावर. आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह? अनेक ठिकाणी तो त्याच संगणकाला कायमचा लावलेला असतो. संगणकाला कुलूप लागलं की पेन ड्राइव्हलाही लागतं. तेवढ्यात जीएसटी विवरणपत्राची तारीख येते, पगाराची तारीख येते.

'आपल्यासारख्या छोट्यांकडे कोण येतंय?' हे वाक्य मनातून काढून टाकायला हवं. या टोळ्या कारखाना किती मोठा ते बघून येत नाहीत, उघडं दार शोधत फिरतात. केएनपीवर हल्ला झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै २०२३ मध्ये, सायबर सुरक्षा पाहणाऱ्या भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही आकिराबद्दल इशारा दिला होता.

विमा घ्यावा का? घ्यावा. चांगल्या पॉलिसीत हल्ल्याचा तपास, माहिती परत मिळवण्याचा खर्च, वकील, बुडालेलं उत्पन्न यांचा समावेश असतो. मात्र बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई सहसा पहिल्या तासापासून मिळत नाही, ठरावीक तास उलटल्यावर मिळते. आणि एक कलम एजंटला समोर बसवून वाचून घ्या. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, 'आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचे पैसे नव्या खात्यात टाका.' तुम्ही टाकता. इथे तुमचा संगणक कोणी फोडलेला नसतो, पैसे तुम्हीच पाठवलेले असतात. म्हणून अशा फसवणुकीसाठी बऱ्याचदा वेगळी, कमी मर्यादा असते. पुरवठादाराच्या जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केली होती का, हेही दाव्याच्या वेळी विचारलं जाऊ शकतं.

(दृश्य: प्रस्ताव अर्जावर सही करणारा हात)

विम्याचा हा अर्ज एजंट भरतो, मालक सही करतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने अशाच अर्जात सांगितलं होतं की पासवर्डनंतर ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची व्यवस्था आमच्याकडे आहे. मे २०२२ मध्ये हल्ला झाला. ही व्यवस्था फक्त फायरवॉलपुरती, म्हणजे बाहेरून येणारी घुसखोरी अडवणाऱ्या यंत्रणेपुरती होती, सर्व्हरवर नव्हती, असं म्हणत ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी न्यायालयात गेली. काही आठवड्यांत दोन्ही बाजूंच्या संमतीने पॉलिसी मुळापासून रद्द झाली. जणू ती कधी काढलीच नव्हती. त्या अर्जातला एकेक प्रश्न आपल्या कारखान्यात हिंडून तपासावा आणि मगच सही करावी, असं मी कळकळीने सांगेन.

आणि पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. जितक्या लवकर कळेल, तितकी ती रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांनाही कळवावं लागतं. विमा कंपनीला लगेच सांगायचं, आणि तिला विचारल्याशिवाय खंडणीची बोलणी करायची नाहीत.

पॉल अ‍ॅबट आता इतर उद्योजकांसमोर बोलतात. गाडीची ठरावीक काळाने तपासणी होते, तशी प्रत्येक कंपनीच्या संगणक यंत्रणेचीही व्हावी, अशी त्यांची मागणी आहे. आपल्याकडे सीए दरवर्षी ताळेबंद तपासतात. त्याच बैठकीत बॅकअपमधून मागच्या वर्षीचं एखादं बिल उघडून दाखवायला सांगितलं, तर दहा मिनिटं लागतील. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी ही पद्धत यंदापासूनच सुरू करायला हवी.