शुक्रवारची रात्र शाळेची

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेतल्या फुटबॉलचं वेड तुम्ही ऐकून असाल. तिथल्या व्यावसायिक संघांचे सामने रविवारी होतात, सोमवारी होतात, गुरुवारीही होतात. पण सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी रात्री ते टीव्हीवर सहसा दिसत नाहीत. याच्यामागे 1961 चा एक कायदा आहे. सगळ्या संघांनी मिळून प्रक्षेपणाचे हक्क विकावेत अशी सवलत या कायद्याने दिली, पण सोबत कॉलेजांच्या सामन्यांसाठी एक अट ठेवली, आणि 1966 च्या दुरुस्तीने ती शाळांच्या सामन्यांनाही लागू केली. शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर एखाद्या शाळेचा सामना चालू असेल, तर त्या मैदानापासून 75 मैलांच्या आतल्या टीव्ही केंद्राने व्यावसायिक सामना दाखवायचा नाही. दाखवलात तर सवलत गेली. आता टेक्सससारख्या राज्यात शुक्रवारी रात्री शाळेचा सामना कुठे नसतो? तेव्हा अब्जावधींचा धंदा करणारी मंडळी त्या रात्री गप्प बसतात आणि मैदान शाळकरी पोरांना मोकळं मिळतं.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. इथे शरद ऋतूतल्या अशा एका शुक्रवाराला फार मान असतो. त्याला म्हणतात होमकमिंग. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना परत बोलवायचं, आपल्याच मैदानावर सामना खेळायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत नाच ठेवायचा, असा हा बेत. मुळात ही कॉलेजांची प्रथा. पहिली कोणाची यावर बेलर, इलिनॉय आणि मिझुरी या विद्यापीठांचे दावे आहेत, आणि कोणीही मागे हटायला तयार नाही. मला मिझुरीची गोष्ट आवडते. कॅन्सस विद्यापीठाशी त्यांचा वार्षिक सामना कॅन्सस सिटी या तिसऱ्याच ठिकाणी व्हायचा. मग नियम आला की सामने विद्यापीठाच्या आवारातच खेळायचे. मिझुरी विद्यापीठ ज्या कोलंबियात आहे, तशा छोट्या गावी प्रेक्षक कुठून आणायचे? क्रीडासंचालक चेस्टर ब्रूअर यांनी 1911 साली माजी विद्यार्थ्यांना आवाहन केलं, घरी या. नऊ हजारांच्या वर माणसं आली. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला, पण त्याचं कोणाला फारसं दुःख झालं असेल असं वाटत नाही.

हायस्कूलात, म्हणजे नववी ते बारावीच्या शाळेत, याची तयारी आठवडाभर चालते. रोज वेगळा वेश. एके दिवशी सगळे रात्रीच्या कपड्यांत येतात, एके दिवशी दोघं-दोघं जुळ्यांसारखे, एखाद्या दिवशी आजी-आजोबांच्या काळातला पोशाख. शिक्षकही येतात बरं का, आणि गणिताचे गंभीर सर पायजम्यात समीकरण सोडवताना पाहिले की मुलांचा धीर थोडा वाढतो. मग चित्ररथांची मिरवणूक. शुक्रवारी शाळेच्या जिममध्ये पेप रॅली, म्हणजे संघाला जोश चढवायची सभा: बँड, चिअरलीडर, ढोल, आणि नववी विरुद्ध बारावी अशी ओरडण्याची चढाओढ. शिस्तीच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला हा गोंधळ मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली चालतो हे पचायला वेळ लागला.

टेक्ससचं मात्र एक खास प्रकरण आहे, मम. मम म्हणजे शेवंती. पूर्वी मुलगा मुलीला शेवंतीचं एक खरं फूल द्यायचा, ती ते छातीशी टाचून सामन्याला जायची. आता ते फूल कापडी झालंय आणि आकाराला धरबंध राहिलेला नाही. मध्ये बशीएवढी शेवंती, कधी दोन, कधी तीन; त्यात बसलेलं छोटं अस्वल; खाली घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या शाळेच्या रंगाच्या फिती, त्यांच्या गुंफलेल्या वेण्या, चकाकत्या अक्षरांत नावं, लुकलुकणारे दिवे आणि घंट्या. टाचणीला पेलवत नाही, म्हणून पुष्कळजणी ते गळ्यात अडकवतात. मुलाला याचीच लहान आवृत्ती दंडावर बांधायला मिळते. बारावीच्या मुलींचा मम बहुतेक शाळांत पांढरा-रुपेरी. खालच्या वर्गातल्या मुलीने तो रंग घालायचा नाही, असा अलिखित दंडक. शुक्रवारी हे सगळं लेवून मुली वर्गात बसतात. त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं जातं आणि वहीत किती उतरतं, कोण जाणे.

विकत घ्यायला गेलं तर शेकडो डॉलर सहज जातात. म्हणून आयांचा ताफा ऑगस्टपासूनच क्राफ्टच्या दुकानात फितींचे रीळ गोळा करतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गरम डिंकाची पिस्तुलं, बोटांना चटके आणि शेजारच्या बाईकडून शिकून घेतलेल्या वेण्या. माझी इथल्या बायकांशी खरी ओळख या टेबलाभोवती झाली. वेणी घालायला मला कोणी शिकवावं लागलं नाही, आणि त्या एका कौशल्यावर मी बराच भाव खाल्ला.

आमच्या जवळच्या अ‍ॅलन गावच्या हायस्कूलचं स्टेडियम 18,000 आसनांचं आहे. कर्जरोख्यांना मतदारांनी 2009 साली कौल दिला, सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून ते 2012 मध्ये उघडलं, आणि दोनच वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्याने बंदही करावं लागलं. दुरुस्तीनंतर 2015 मध्ये पुन्हा सुरू झालं. शाळेच्या मैदानावर एवढा पैसा, ही मला आजही उधळपट्टी वाटते. पण तो पैसा गावाने स्वतःहून मंजूर केला, हेही खरं. इथे शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीसारख्या स्थानिक करावर चालते, कारभारी मंडळ लोक निवडून देतात. घरात मूल नसलेला म्हाताराही कर भरतो, आणि म्हणून शुक्रवारी हक्काने बाकावर येऊन बसतो. या उपनगरांना ना पार, ना पेठ, ना देऊळ-चावडी. सगळे गाडीत. गाव एकत्र दिसतं ते इथेच, आणि मुंबईचा चाकरमानी जत्रेला गावी येतो तसे दूर गेलेले लोकही याच दिवशी परततात.

सामन्याच्या मध्यंतरात होमकमिंगच्या राजा-राणीची निवड जाहीर होते. मुलांच्या मतांनी. आईबाप मुलांना हाताला धरून मैदानावर नेतात, टाळ्या पडतात. लोकप्रियतेची ही उघड मोजणी मला रुचत नाही. हल्ली काही शाळांनी राजा-राणी हा भेद काढून नुसते मानकरी निवडायला सुरुवात केली आहे, पण न निवडलेल्यांचं काय, हा प्रश्न तसाच. शनिवारच्या नाचात मात्र आता जोडीचा आग्रह कमी झालाय. आठ-दहा मैत्रिणी मिळून बागेत फोटो काढतात, हॉटेलात जेवतात, नाचात तासभर उड्या मारून पाय दुखले म्हणून घरी येतात.

सामना दुसऱ्या गावी असला की निघतात पिवळ्या बस. हा पिवळा रंगही ठरवून आलेला आहे. 1939 साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी परिषद भरवली आणि देशभरच्या शाळांच्या गाड्यांसाठी मापं आणि रंग ठरवले. पहाटेच्या अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरं वाचता यावीत, म्हणून हा पिवळा. बँडची मुलं, ढोल, तुताऱ्या, गणवेशांच्या पेट्या असा लवाजमा त्यातून जातो, सोबत देखरेखीला आम्ही पालक. परतताना मध्यरात्र होते. रस्ताभर गाणी, मग एकेक डोकं खिडकीला टेकतं.

आमच्यासारख्या घरांची अडचण वेगळीच. होमकमिंग आणि नवरात्र बहुधा एकाच सुमारास येतात. शुक्रवारी सामना, शनिवारी नाच, आणि त्याच शनिवारी मंडळाचा भोंडला. गेल्या खेपेला मुलीने नाचाच्या झग्यावर ओढणी गुंडाळून हत्तीभोवती फेर धरला. यंदा सामन्याच्या रात्री घटाजवळच्या अखंड दिव्याशी कोणी थांबायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आजोबा म्हणाले, मी थांबतो, मला त्या खेळातलं काही कळत नाही. मग त्यांनी नातीला विचारून शाळेचा सामना फोनवर थेट कसा लावायचा, ते शिकून घेतलं.