बिल भरलं म्हणजे खर्च झाला?

नमस्कार. माईक नको म्हणालो होतो मी, अकाउंट्सवाल्याचा आवाज दर मार्च एंडला ओरडून तयार झालेला असतो, पण असू दे. उशीर झाला त्याबद्दल सॉरी, नौपाड्यातनं सव्वानऊला निघालोय, पुढचं घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना मी काय सांगायचं. त्यात आल्या आल्या सेक्रेटरी कानात म्हणाले की बारा वाजता हॉल डोहाळजेवणाला दिलाय, तेव्हा जरा आटपतं घ्या. घेतो.

खाली नोटीस बोर्डावर विषय लिहिलाय, सॉफ्टवेअर वापरून क्रेडिट कार्डाच्या खर्चाचं विश्लेषण. ते करायचंच आहे, लॅपटॉप आणलाय, ती वायर पण मिळाली शेवटी. पण त्याआधी एक सांगा, हात वर करा, तुमच्यापैकी किती जण महिन्याचा हिशोब लिहिताना एक ओळ टाकतात, 'क्रेडिट कार्ड बिल, इतके इतके'? बघा. जवळजवळ सगळे. काकू, तुम्ही पण? आता माझं म्हणणं एवढंच आहे की ही ओळ चूक आहे. कार्डाचं बिल हा खर्चच नाहीये. हे मी गेली दोन वर्षं भेटेल त्याला सांगतोय, ऑफिसात लोक मला बघून लिफ्ट सोडून जिन्याने जातात, त्यामुळे आज पन्नास माणसं स्वतःहून बसलीत म्हटल्यावर मी काही सोडणार नाही.

हे माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी मुलाने माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं. बाबा, काही लिहायचं नाही, बँकेचे एसएमएस वाचून ते आपोआप हिशोब करतं. मी म्हटलं वा. महिनाअखेर ते अ‍ॅप उघडलं तर लाल अक्षरात, या महिन्यातला तुमचा खर्च १,१५,८५०. मी चष्मा पुसला. परत तेच. आमची ही मागे उभी होती, ती म्हणाली एवढे खर्च केलेस तर वस्तू कुठायत? आता हा प्रश्न बरोबर आहे की नाही! एक लाख सोळा हजारांची काहीतरी खूण घरात दिसायला हवी. नवी उशीसुद्धा आली नव्हती. गंमत पुढे, त्याच अ‍ॅपने माझा पगार पण वाढवून दाखवला होता, नेहमीपेक्षा ४८,६४० जास्त. एचआरने केलं नाही ते अ‍ॅपने केलं. (हशा)

मग बसलो एका रविवारी कागद घेऊन. त्या महिन्यात कार्ड घासलं होतं ४६,२१० चं. अ‍ॅपने ते धरलं, ठीक. पाच तारखेला मागच्या सायकलचं, म्हणजे कार्डाच्या मागच्या बिलाच्या महिन्याचं, बिल भरलं ४८,६४०, बँकेचा मेसेज आला, खात्यातून पैसे गेले, अ‍ॅपने तेही खर्चात धरलं. मेंटेनन्स, लाइट बिल वगैरे बँकेतनं परस्पर गेलेले एकवीस हजार. झाले १,१५,८५०. आणि पगारवाढ कुठली, तर बिल भरल्यावर कार्डवाल्यांचा उलटा मेसेज येतो ना, तुमचे ४८,६४० मिळाले, धन्यवाद, तर 'मिळाले' हा शब्द वाचून अ‍ॅपला वाटलं मला मिळाले. अ‍ॅपची चूक आहे, मान्य, पण तुम्ही आत्ता हात वर केलेत ते वेगळं काय करताय? 

माझ्या आईला हे कळत होतं. सातवी शिकलेली बाई. आमचं नौपाड्यात वाण्याकडे खातं होतं, लाल पुठ्ठ्याची छोटी वही, वर खिळ्याने भोक पाडून सुतळी ओवलेली, ती दुकानातच लटकायची. मी जायचो, पाव किलो साखर, चहाची पुडी, वाणी वहीत लिहायचा, पैसे नाहीत. पगार झाला की बाबा जाऊन एकदम चुकते करायचे. आणि घरी आई रोज रात्री तिच्या डायरीत लिहायची, डायरी म्हणजे बाबांच्या कंपनीतनं दिवाळीला आलेली मागच्या वर्षीची. साखर आली त्या दिवशी साखर लिहायची. आणि बाबांनी वाण्याला पैसे दिले की ते डायरीच्या मागच्या पानावर, 'वाण्यास दिले', आणि खाली बाकी. पुढच्या पानावरच्या बेरजेत ते कधी आलं नाही. मी एकदा विचारलं हे पुढे का नाही लिहीत, तर म्हणाली, साखर दोनदा खाल्ली का आपण?

झालं. एवढंच आहे व्याख्यान. पण तुम्ही चहा पण घेतला नाहीये अजून.

वाण्याची वही म्हणजेच क्रेडिट कार्ड. वस्तू घेतली त्या दिवशी खर्च झाला आणि त्याच दिवशी तितकं देणं उभं राहिलं. बिल भरणं म्हणजे देणं फेडणं. जुने मुनीम रोजच्या नोंदींची रोजकीर्द आणि खात्यावार खतावणी ठेवायचे त्यात हेच, इटलीत लुका पाचोलीने १४९४ साली द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा, ती छापून काढली त्यातही हेच. आणि बिल म्हणजे खर्च असं धरलं की नुसती बेरीज चुकत नाही, महिने पण घसरतात. माझ्या कार्डाची सायकल सोळा तारखेपासून पुढच्या महिन्याच्या पंधरापर्यंत. २०२५ ची धनत्रयोदशी होती १८ ऑक्टोबरला. त्या दिवशी राम मारुती रोडवर जे काय घेतलं ते आलं १५ नोव्हेंबरच्या स्टेटमेंटवर आणि भरायची तारीख ५ डिसेंबर. अठ्ठेचाळीस दिवस. म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे दिवाळी डिसेंबरात आली. मग तुम्ही डिसेंबरचा आकडा बघून घरात ओरडणार, बाहेरचं खाणं बंद करा. डिसेंबरात बिचाऱ्यांनी काहीच केलेलं नसतं!

आता विषय निघालाच आहे तर स्टेटमेंटवरच्या नावांबद्दल बोलू द्या. वेळ जाईल, पण बोलू द्या. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि स्टेटमेंटवर दुसरंच, कारण तिथे बरेचदा मालकाच्या फर्मचं नाव येतं, तेही वीस-बावीस अक्षरांनंतर कापलेलं. आमच्याकडे एकदा ओळ आली, रक्कम २,३६०, कुठलीतरी 'हॉस्पिटॅलिटी एलएल', पुढचा 'पी' तुटलेला, आणि मग ठाणे. ही म्हणाली हॉस्पिटॅलिटी म्हणजे हॉटेल, तू कुणाबरोबर गेला होतास? मी म्हटलं मी नाही गेलो. ती म्हणाली मग पैसे आपोआप गेले का. मला खरंच आठवेना. पावत्या मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो, डबा पालथा केला, तर त्या थर्मल कागदाच्या पावत्या, दोन महिन्यांत कोऱ्या झालेल्या, वर नुसता पिवळट डाग. खिडकीशी नेऊन तिरप्या धरून बघितल्या, काही नाही. मग मी शहाणा, कस्टमर केअरला फोन लावला, हा व्यवहार माझा नाही. ते म्हणाले सर लगेच कार्ड ब्लॉक करतो, नवीन येईल. ब्लॉक झालं. आणि मग एकेक कळायला लागलं की त्या कार्डावर काय काय लावलेलं होतं. लाइट बिलाचं ऑटो पेमेंट गेलं, मुलाचं नेटचं गेलं, हिच्या मालिका बंद पडल्या, घरात जे वातावरण झालं ते मी सांगत नाही. चौथ्या दिवशी हिच्या भावाचा फोन, दाजी त्या दिवशी जेवण फार छान होतं हो. मेव्हणा! तलावपाळीला बोटिंग केलं, मग त्याची पोरं म्हणाली भूक लागली, आणि जेवायला नेलं होतं सगळ्यांना. २,३६० रुपये. म्हणजे खर्च निघाला हिच्या माहेरचा, आणि चार दिवस संशय माझ्यावर. (हशा) मग परत फोन करून तक्रार मागे घ्या सांगितलं, पण ब्लॉक झालेलं कार्ड गेलं ते गेलंच.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. पावतीचा फोटो लगेच काढतो. आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या विचित्र नावासमोर खरं नाव स्वतः लिहितो.

हे आता जास्त लागतं, कारण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. आधी माझ्या स्टेटमेंटवर चौदा-पंधरा ओळी असायच्या, आता शंभराच्या वर जातात, मिसळ, शहाळं, स्टेशनबाहेरचा वडापाव, सगळं कार्डावर. डोळ्यांनी चाळून कळण्याची सोय राहिली नाही, आणि सॉफ्टवेअर लागतं ते यासाठी.

किती वाजले? अकरा पस्तीस? अरे बापरे. बरं, भरभर.

मी वापरतो ते ग्नूकॅश. फुकट आहे, १९९८ पासून आहे, कॉम्प्युटरवर चालतं, तुमचे एसएमएस वाचत नाही. मी आधी मायक्रोसॉफ्ट मनी वापरायचो, ते २००९ ला बंद केलं त्यांनी. अमेरिकेत मिंट म्हणून लोकांचं फार लाडकं होतं, तेही २०२४ ला बंद. म्हणून सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, आपला डेटा आपल्याला फाइल म्हणून बाहेर काढता येतो का ते आधी बघा, रंगीत चकत्या नंतर.

ग्नूकॅशमध्ये कार्डाचं खातं उघडताना ते देण्यांमध्ये उघडायचं. खर्चात नाही, इथेच सगळे चुकतात. मग बँकेच्या साइटवरनं स्टेटमेंटची सीएसव्ही, म्हणजे साध्या रकान्यांची फाइल, घ्यायची आणि इम्पोर्ट करायची. इथे तारखेचा फॉरमॅट विचारेल, दिवस आधी की महिना आधी. मी पहिल्यांदा घाईत महिना आधी ठेवला, तर ५ मार्चचं पेट्रोल ३ मेला गेलं आणि तेरा तारखेपासूनच्या ओळी घ्यायलाच तयार नाही, महिना तेरावा कुठून आणणार. तर ते नीट बघा. पहिल्या महिन्यात प्रत्येक ओळीला खातं तुम्ही द्यायचं, किराणा, औषधं, पेट्रोल, पुढच्या वेळी ते बरंचसं लक्षात ठेवून स्वतः सुचवतं. बिल भरल्याची ओळ आली की ती बँक खात्यातनं कार्ड खात्यात, ट्रान्सफर. आईचं मागचं पान. रिफंड आला तर उत्पन्नात नाही टाकायचा, ज्या खर्चात गेला होता त्याच खर्चात वजा. डीमार्टचं एक बिल असतं पण आत तूरडाळ, चपला आणि कुणाच्या तरी बारशाचं गिफ्ट, तर मोठ्या बिलाची ओळ फोडायची, स्प्लिट म्हणतात, पाचशेच्या खालचं मी फोडत नाही, तेवढा जीव नाही माझ्यात. आणि 'इतर' नावाचं खातं असेल तर त्यात महिन्याला दोन हजारांवर जाऊ द्यायचं नाही, हा माझा नियम, दोन हजारच का विचारू नका.

ईएमआय. फोन घेतला हप्त्यावर, तर फोनचा पूर्ण खर्च घेतला त्या दिवशी, हप्ता म्हणजे देणं फेडणं, फक्त त्यातलं व्याज, प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळ्या खात्यात. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी म्हणतात त्या हप्त्यांमध्ये पण व्याजावरचा जीएसटी साधारण आपल्याच माथी येतो, स्टेटमेंटवर छोट्या ओळी असतात त्या बघा. माझ्याकडे त्या खात्याचं नाव 'मूर्खपणा' आहे. वार्षिक फी, लेट फी, पेट्रोलचा सरचार्ज, सगळं त्यात. ४९९ ची वार्षिक फी स्टेटमेंटवर ५८८.८२ दिसते, आकडा असा पैशांत तुटका दिसला की समजायचं, आत जीएसटी बसलाय.

आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे नुसता मिनिमम ड्यू, बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरणं. पूर्ण नाही भरलं तर महिन्याला साडेतीन टक्के वगैरे, म्हणजे वर्षाला ४२, वर जीएसटी, आणि व्याज बिलाच्या तारखेपासून नाही तर वस्तू घेतली त्या तारखेपासून, शिवाय नव्या खरेदीला मिळणारे ते चाळीस-पन्नास बिनव्याजी दिवस पण गेले. यावर मला अर्धा तास पाहिजे होता. नाहीये.

शेवटचं, स्टेटमेंट आलं की रिकन्साइल करायचं. सॉफ्टवेअरमधली कार्डाची बाकी आणि स्टेटमेंटवरची बाकी पैशापर्यंत जुळली पाहिजे. नाही जुळली तर नव्वद टक्के वेळा एखादा रिफंड उलट्या चिन्हाने पडलेला असतो, काही काही बँका त्यापुढे नुसतं 'सीआर', म्हणजे क्रेडिट, जमा, असं लिहितात आणि इम्पोर्ट करताना ते गळतं. जुळलं की मग महिनावार खर्चाचा रिपोर्ट काढा, आणि तो घरी सगळ्यांसमोर उघडा, एकट्याने बघण्यात काही अर्थ नाही. आमच्याकडे पहिल्या रिपोर्टात कळलं की सगळ्यात जास्त वाढ औषधांत होती आणि आम्ही भांडत होतो पिझ्झावरनं.

लॅपटॉप दाखवायचा राहिला. हो हो, टेबलं आत घ्या, मी सरकतो. काय म्हणालात? एक्सेल चालेल का? चालेल की, दोन कॉलम जास्त करा, कुठून गेले आणि कुठे गेले. पीडीएफचा पासवर्ड? तो बँकेच्या मेलमध्येच खाली लिहिलेला असतो हो, बहुतेक नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. नाही, नाव कार्डावर आहे तसं. लग्नाआधीचं असेल तर लग्नाआधीचं. ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी खाली पार्किंगशेजारी बाकावर या, आपापलं स्टेटमेंट फोनमध्ये उघडून ठेवा, आणि हो, ती प्रोजेक्टरची वायर कुणाची आहे ते सांगा, माझी नाहीये.