पंप चालू आहे, पण औषध पोचतंय का?

एका थेंबापासून सुरुवात करू. साधा थेंब साधारण 50 मायक्रोलीटरचा असतो. मधुमेहात शरीराला सतत थोडं थोडं इन्सुलिन देणाऱ्या पंपात यू-100 इन्सुलिन भरतात, म्हणजे मिलिलीटरला 100 युनिट. त्या हिशेबाने थेंबात 5 युनिट झाले. टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा लहान मुलाला रात्री तासाला 0.1 युनिट लागत असेल, तर हा एक थेंब त्याला 50 तास पुरवायचा. तोही कणाकणाने, मूल झोपेत कूस बदलत असताना.

1963 साली अर्नोल्ड कॅडिश यांनी लॉस एंजेलिसमध्ये बनवलेला पंप पाठीवर वागवावा लागे. आज ऑम्निपॉडसारखा पॉड, म्हणजे अंगाला चिकटवायचा छोटा पंप, दंडाला चिकटतो, स्वतःच्या पोटात 200 युनिट ठेवतो, 3 दिवस चालतो आणि 0.05 युनिटच्या टप्प्याने औषध ढकलतो. त्यात निटिनॉल या मिश्रधातूची तार असते. वीज दिली की ती तापून आखडते आणि त्या ओढीने दट्ट्या पुढे सरकतो. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते. पण औषध ढकलण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. ते पोचलं नाही हे वेळेवर कळणं, हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

त्वचेखालची कॅन्युला, म्हणजे औषध आत सोडणारी बारीक नळी, दुमडली की पंपाला ते दाबावरून समजतं. पण दाब चढायला आधी आत औषध तुंबावं लागतं. तोवर नळी किंचित फुगते, रबर दबतं, अडकलेली हवा आकसते. तासाला 1 युनिट घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या तुलनेत 0.1 युनिटवरच्या मुलाच्या पंपाला त्यासाठी सुमारे दहापट वेळ लागतो. ज्याला इशारा सर्वांत आधी मिळायला हवा, त्यालाच तो सर्वांत उशिरा मिळतो. त्यात पंपात फक्त लवकर असर ओसरणारं इन्सुलिन असतं, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी तयार होणारी घातक आम्लं, वाढू लागतात. म्हणून पंपाची रचना करताना औषधाची वाट आखूड आणि ताठ ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो.

बुडबुड्याचंही तसंच. 10 मायक्रोलीटरचा बुडबुडा म्हणजे 1 युनिटची जागा. या मुलाच्या बाबतीत ती 10 तासांची पोकळी आहे. फ्रीजमधलं गार इन्सुलिन लगेच भरलं, तर ते कोमट होताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. आधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, हे पालकांना शिकवायलाच हवं. आपल्याकडे उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो: अशा अनेक इन्सुलिनना 37 अंशांपर्यंतचीच मुभा आहे, आणि विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. शिवाय भारतात यू-40 च्या बाटल्याही सर्रास मिळतात. यू-100 धरून चालणाऱ्या पंपात ती भरली, तर प्रत्येक डोस 40 टक्क्यांवर येतो आणि पंपाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सर्वांत अवघड बिघाड गळतीचा. चिकटपट्टी घामाने सुटली, कॅन्युला बाहेर आली, इन्सुलिन कातडीवर ओघळलं, तर दाब वाढतच नाही. पंपाच्या लेखी सगळं ठीक असतं. साखर मोजणाऱ्या सेन्सरला ती चढताना दिसते आणि स्वयंचलित पंप आणखी औषध सोडतो, तेही बाहेरच. इथे गणिताने डोस वाढवत राहण्यापेक्षा थांबून घरच्यांना ‘कॅन्युला बघा’ असं सांगायला हवं. आणि बघायची सोयही हवी: पॉडला पारदर्शक खिडकी असावी आणि पॉड न काढता, मुलाला न उठवता, टॉर्चच्या उजेडात तिथला ओलावा दिसावा.