कण्हेरीचा सेक्शन

[गाजराच्या खाचेत पान, वर ब्लेड]

गाजराला खाच पाडायची, कण्हेरीचं पान तीत अडकवायचं आणि ओल्या ब्लेडनं काप घेत सुटायचं. ढीगभर कापांत एखादाच कामाचा निघतो, बाकीच्यांतून उजेडच आरपार जात नाही. तो एक ब्रशनं उचलून सॅफ्रानिनच्या लाल रंगात, मग पाण्यात, मग स्लाइडवर. ग्लिसरिनचा थेंब. कव्हरस्लिप तिरपी टेकवत सोडायची, नाहीतर बुडबुडा ठरलेला.

बेळगावातलं हे बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल. बरीच मुलं खानापूर, जांबोटीकडून पहिल्या बसनं येतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता पुस्तक इंग्रजी आणि नोटीस बोर्ड कन्नड.

प्रवेशानंतर यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. पाहून शिकता, ऐकून, वाचून-लिहून, की हातानं करून? नील फ्लेमिंग यांची ही चौकट १९९२ पासूनची. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी याबाबतचं संशोधन तपासलं. ज्याच्या त्याच्या शैलीत शिकवल्यानं जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. फॉर्म अजून भरले जातात. फाइल जाड दिसते, एवढा फायदा आहेच.

[सर मायक्रोस्कोपवर रुमाल टाकतात]

"आता न बघता काढा."

वर्गात चुळबुळ. मघाशी डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर उतरत नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असंच आठवून लिहिणं तपासलं होतं: उतारा वाचल्यावर पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे.

"खड्डे कुठल्या बाजूला गं?"

"खालच्या, सर."

"कशाला?"

"आत केस आहेत की, सर. वारं थेट लागत नाही, म्हणून वाफ कमी जाते."

पर्णरंध्रं त्या खड्ड्यांच्या आत असतात. 'संकन स्टोमाटा' हे नाव सर यानंतर फळ्यावर लिहितात, आधी नाही. या फेरीला मार्क नाहीत, म्हणून चुकलेली आकृती कुणी झाकत नाही. तीच शेजाऱ्याच्या आकृतीशेजारी ठेवून वाद चालतो, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये.

सत्र परीक्षेचा पेपर इंग्रजीत असतो. यातल्या काहींचा हा विषय मागच्या खेपेला राहिला.

अंतर्गत गुणांतले थोडे या तोंडी फेरीला द्यावेत, असा अर्ज सरांनी विभागाकडे दिला आहे. प्रत्येकाला काय विचारलं आणि तो काय म्हणाला, याची वही ते आतापासूनच ठेवतात.