ट्रंकेतली काडतुसं

(पडद्यावर: पांढऱ्या फडक्यावर मांडलेली काडतुसं, अगदी जवळून)

हिरवं दिसतंय ते शेवाळ नाही. पितळ गंजलं की असं हिरवं पडतं. थर सगळीकडे सारखा नाही, हे नीट बघा. मधल्या भागात पट्टा उमटल्यासारखा दाट आहे, टोकांना विरळ. ही काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली होती. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात मुरून राहतात, पावसाळ्यात ओल धरतात आणि पितळाला जिथे टेकतात तिथे त्याला खातात.

पट्टा दिसायला झोकदार असतो खरा. पण काडतूस ठेवायला त्याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही.

(पडद्यावर: पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं शेत, धुऱ्यावरून येणारे काकाजी)

तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. गावाचं नाव आम्ही सांगत नाही, माणसाचंही नाही. घरात हत्यार आहे हे गावाला ठाऊक असलं तरी इंटरनेटला ठाऊक असायचं कारण नाही. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

काकाजींकडे .३२ बोअरचं, म्हणजे साधारण तेवढ्या इंच मापाच्या नळीचं, रिव्हॉल्व्हर आहे, सहा घरांचं (एका घरात एक काडतूस), कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेलं. वडिलांनी घेतलेलं. त्यांच्या माघारी परवाना काकाजींच्या नावावर झाला. त्या काळी जिनिंगवर कापूस घातला की रोकड घेऊन बंडीनं रात्री परतावं लागायचं. आता चुकारे खात्यात जमा होतात, पण शेतातली लाइन रात्रीची असते आणि ओलितासाठी एकट्यानं जावंच लागतं. रानडुकराचा प्रश्न इथे मध्ये आणू नका. पीकसंरक्षणाचा परवाना लांब नळीच्या बंदुकीचा असतो, तो विषय वेगळा. रिव्हॉल्व्हर घेऊन डुकरामागे जाणाऱ्याला आमचा लांबूनच नमस्कार.

(पडद्यावर: ओसरी. लोखंडी ट्रंक उघडते. आर्मोरर चष्मा चढवतात)

हे पोलिस दलातले निवृत्त आर्मोरर. हत्यारं खोलायची, दुरुस्त करायची आणि परत जुळवायची, यातच नोकरी गेली. त्यांचा पहिला प्रश्न रिव्हॉल्व्हरबद्दलचा नाहीच.

"काकाजी, कवाच्या होय ह्या गोया?"

"बाबा होते तवाच्या. चांगल्या हाय नं? एकबी वापरली नाही."

"वापरली नाही, थेच तं भानगड हाय."

आपल्याकडे हत्यार घेताना माणूस वर्षभर चौकशी करतो. कोणतं मॉडेल, वजन किती, किंमत किती. काडतुसाच्या बाबतीत मात्र दुकानदार देईल तो खोका घेऊन घरी येतो. आणि ऐनवेळी चालायचं असतं ते काडतूस.

(पडद्यावर: उभं कापलेलं नमुना काडतूस)

त्याच्या पोटात काय असतं ते इथे दिसतंय. बाहेर पितळेची पुंगळी. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, हे प्रमाण काडतुसासाठी ठरून गेलेलं आहे, कारण बार उडताना पुंगळी फुगून घराला चिकटली पाहिजे आणि लगेच आकसून सुटलीही पाहिजे. बुडाशी ही वाटाण्याहून लहान टोपी. तिच्यात आघातानं पेटणारं रसायन असतं. तिच्यावर पिन आदळली की ठिणगी आत जाते, बारूद पेटते, गॅस होतो आणि तोंडाशी बसवलेली गोळी पुढे ढकलली जाते. या चारांतलं एक बिघडलं की बार फुसका.

टोपीचा खरा वैरी तेल. काकाजी दर दिवाळीला रिव्हॉल्व्हरला शिवणयंत्राचं तेल देतात. भरलेल्या रिव्हॉल्व्हरला. त्यांच्या हिशेबानं ती काळजीच होती. पण पातळ तेल फटीतून झिरपत टोपीपर्यंत पोचतं आणि आतलं रसायन मारून टाकू शकतं. बाहेरून काडतूस नव्यासारखं चकचकीत दिसत राहतं.

आणि बारूद? ती बनवणारा देशातला एक मोठा कारखाना विदर्भातच आहे, भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला. सैन्याचा दारूगोळा साठवणारं मोठं आगार पुलगावला, याच वर्धा जिल्ह्यात. पुलगावला २०१६ साली आग लागली, जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, दोन्हीकडे माणसं गेली. आपण काडतुसाकडे परत येऊ.

(पडद्यावर: आर्मोररचे हात. एकेक काडतूस उजेडात धरलं जातंय)

हा भाग आम्ही मुद्दाम कापलेला नाही. घाई असेल त्यानंही बघावा.

ते आधी बूड बघतात. टोपी बुडाच्या पातळीत किंवा केसभर आत हवी. वर आलेली असेल तर सिलिंडर, म्हणजे घरांचा गोल, फिरताना मागच्या भिंतीला घासतो आणि रिव्हॉल्व्हर जॅम होतं. बोट फिरवलं की डोळ्याला न दिसलेलं बोटाला कळतं. मग ते पुंगळीचं तोंड बघतात, बारीक उभी चीर आहे का. गोळी घट्ट बसली आहे का, की आत दबली आहे. आत दबलेलं काडतूस बाजूला जातं, कारण आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. पिस्तूलवाल्यांनी इथे कान द्यावेत: रात्री नळीतलं काडतूस काढायचं आणि सकाळी तेच परत चढवायचं, असं रोज केलं की प्रत्येक वेळी गोळीला धक्का बसतो आणि ती हळूहळू आत सरकते. तेच ते काडतूस पहिलं चढवू नये.

हिरवा थर नखानं निघतो का, हेही ते बघतात. निघाला आणि खाली पितळ गुळगुळीत असलं तर ते काडतूस एका ढिगात. खाली खड्डा असला तर दुसऱ्या. दुसरा ढीग मोठा होत चाललाय, काकाजींच्या चेहऱ्याकडे बघा.

(पडद्यावर: टेकडीच्या पायथ्याशी चांदमारी, मातीचा उंच बांध)

परवानगी काढून मिळालेली ही चांदमारी, नेमबाजीच्या सरावाची जागा. पहिल्या ढिगातली काडतुसं इथे आणली आहेत. आधी सिलिंडरच्या घरात बसवून बघणं. नळी बांधाकडे, बोट चापापासून लांब, एकेक काडतूस सिलिंडरच्या घरात सोडायचं. स्वतःच्या वजनानं आत गेलं पाहिजे, अंगठ्यानं दाबावं लागलं तर ते नको. सहाही घरं भरली की सिलिंडर हातानं पूर्ण फिरवून बघायचा.

आता बार.

(पडद्यावर: संथ गतीत. घोडा पडतो. काही होत नाही)

खट्. एवढाच आवाज. आर्मोरर हत्यार खाली घेत नाहीत, नळी बांधावरच रोखून ठेवतात. टोपी उशिरा पेटून बार काही क्षणांनी उडू शकतो, म्हणून निदान अर्धा मिनिट थांबायचं. हे थांबणं आम्ही पूर्ण दाखवलंय.

काढलेल्या काडतुसाची टोपी बघा. पिनचा ठसा खोल आहे, मधोमध आहे. म्हणजे रिव्हॉल्व्हरनं आपलं काम केलं, काडतूस मेलेलं. ठसा उथळ असता तर दोष हत्यारात शोधावा लागला असता, कमजोर स्प्रिंग, झिजलेली पिन. पुष्कळ जण न चाललेलं काडतूस फेकून देतात आणि हा पुरावा त्याच्याबरोबर जातो.

याहून घातक प्रकार आमच्या सुदैवानं चित्रित झाला नाही. तो म्हणजे फुस्स असा दबका आवाज. टोपी पेटली, बारूद धड पेटली नाही, गोळी नळीतच अडकली. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, हत्यार रिकामं करून नळी तपासायची.

(पडद्यावर: .३२ पिस्तूल. स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकलेली पुंगळी)

हे पिस्तूल दुसऱ्या एका परवानाधारकाचं. दृश्य आम्हाला योगायोगानं मिळालं आणि फार कामाचं आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये ऐनवेळी, जिवावर बेतलं असताना, एक काडतूस खट् करून राहिलं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तशी सोय नाही. तिथे स्लाइड मागे ढकलायचं काम काडतुसाचाच जोर करतो. जोर कमी पडला की स्लाइड अर्ध्यात परतते आणि रिकामी पुंगळी अशी दातात धरल्यासारखी अडकते. म्हणून रिव्हॉल्व्हरला चालून गेलेला थोडा उन्नीस-बीस माल पिस्तुलाला चालत नाही.

पिस्तूलवाल्याला गोळीचा आकारही बघावा लागतो. गोल नाकाची, तांब्याच्या आवरणाची गोळी नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून सहज आत शिरते. टोकाला खड्डा असलेली गोळी कधी कडेला अडते. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते, आणि मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसं भरायच्या डबीत, आखूड काडतुसं भरली तर वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकून बसते. मग कितीही ओढा, वरचं काडतूस पुढे जात नाही.

(पडद्यावर: दोन काडतुसं शेजारी-शेजारी, मापपट्टीसह)

आणि हे दृश्य थांबवून बघा. दोन्हींना दुकानात "बत्तीसचं" म्हणतात. डावीकडचं रिव्हॉल्व्हरचं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं. उजवीकडचं पिस्तुलाचं, जॉन ब्राउनिंगनं आखलेलं, १८९९ सालचं. एकाची पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर, दुसऱ्याची १७. दाबही वेगळा, पिस्तुलाच्या काडतुसाचा जास्त. नुसतं "बत्तीसचा खोका द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चुकीचा खोका मिळू शकतो, आणि पिस्तुलाचं काडतूस एखाद्या रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरूनही बसतं. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचायचं आणि नळीवर कोरलेल्या नावाशी ताडून बघायचं. दुकानातच.

(पडद्यावर: मोबाइलवर व्हिडिओ बघणारी तरुण पोरं)

या पोरांना जोरदार काडतूस पाहिजे. परदेशी व्हिडिओत जेलीच्या ठोकळ्यात गोळी फुलासारखी उमलताना दिसते. ती चाचणी कुठून आली? ११ एप्रिल १९८६ ला अमेरिकेत मायामीत दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन एजंट मेले, आणि त्यानंतर गोळी जेलीत १२ ते १८ इंच गेली पाहिजे असं माप त्यांनी धरलं. आपल्या सर्वसाधारण परवान्यावर ९ एमएम मिळत नाही, .३८ मिळत नाही. मिळतं ते बहुतेक .३२, आणि खड्ड्याची गोळी उमलायला जो वेग लागतो तो त्यात बेताचा असतो. उमलणाऱ्या गोळीचं बदनाम नाव कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून पडलं, हे पोरांना सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोबाइलमधून वर बघायला लागली.

आमचं म्हणणं एवढंच की .३२ वाल्यानं जोर शोधू नये, सारखेपणा शोधावा. दहातली दहा उडाली पाहिजेत आणि एकाच जागी गेली पाहिजेत. खोक्यावर जादा दाबाची खूण असेल तर ते वडिलांच्या जुन्या हत्यारात घालू नये, ते तेवढ्यासाठी बनलेलं नाही.

(पडद्यावर: जिल्ह्याच्या गावातलं दुकान. काउंटर, नोंदवही)

इथे निवड किती असते ते दिसतंय. फळीवर मोजके खोके. तरीही विचारण्यासारखं पुष्कळ असतं: माल कधीचा, सगळे खोके एकाच लॉटचे आहेत का, खोका फोडून बघू द्याल का. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. परवान्यावर जेवढी मर्यादा लिहिली आहे तेवढंच मिळतं, नोंद परवान्यावर आणि दुकानाच्या वहीत, दोन्हीकडे होते.

आणि इथेच खरी अडचण येते. मोजून मिळालेली काडतुसं माणूस जिवापाड जपून ठेवतो. सरावाला उडवायची म्हटलं तर जागा नाही. शेतात बार काढायचा म्हणाल तर .३२ ची गोळीही किलोमीटरभर जाऊ शकते, पुढे कोण निंदायला बसलंय ते दिसत नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक सकाळ पोलिसांची चांदमारी परवानाधारकांना उघडी केली, जुनी काडतुसं तिथेच संपवू दिली, तर काकाजींच्या ट्रंकेसारख्या किती ट्रंका रिकाम्या होतील. सरकार परवाना देतं, निवडणूक आली की हत्यार जमा करून घेतं, पण ते चालतं का हे मधल्या काळात कुणी विचारत नाही.

लग्नात हवेत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गोळी माणसाला लागली की पंचनामा, कोर्ट, तारखा आणि दोन घरं उद्ध्वस्त.

(पडद्यावर: काकाजी नव्या खोक्यावर पेनानं लिहितात)

नव्या खोक्यावर महिना आणि साल. खोका हवाबंद डब्यात, त्यात ओल शोषणारी पुडी, डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, हत्यारापासून वेगळा आणि कुलपात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर आणि गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. तिथे काडतूस नको. तेल द्यायचं ते रिकाम्या हत्याराला, आणि पुसून कोरडं केल्यावरच भरायचं.

दुसऱ्या ढिगातली काडतुसं शेतात पुरायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत, चुलीत तर नाहीच. ती मोजून, परवाना सोबत नेऊन, पोलिस ठाण्यात जमा होतात.

"पावती देतीन का?" काकाजींनी विचारलं.

"घेतल्याशिवाय हलूच नका," आर्मोरर म्हणाले.