कालनिर्णयवरचे लाल ठिपके

बडोद्याचा दांडिया बाजार. सकाळचे सात. खाली सेव-उसळीच्या रश्शाला अजून उकळी यायची आहे, आणि वर माडीवर काकूंची पहिली गोळी घेऊनही झाली.

"दुखायच्या आधीच घेते हो. मग दिवसभर बघायला नको."

स्वयंपाकघरात कालनिर्णय. त्यात दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला ते, आणि सुनेनं महिनाभर केलेल्या खुणा. डोकं दुखलं की लाल ठिपका, गोळी घेतली की निळी रेघ. महिनाअखेर ठिपके २२, रेघा २४. दुखण्यापेक्षा औषध जास्त!

डॉक्टरांनी तपासण्यांच्या फायलीआधी हे पानच मागितलं.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ डोकं दुखत राहिलं, तर ती रोजची डोकेदुखी. तिच्यामागे पुष्कळदा गोळीच असते. साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ दिवस, कॅफिन मिसळलेली १० दिवस, अशी महिनोन्‌महिने घेतली की मेंदूची वेदनेची जाणीव जास्तच हुळहुळी होते. गोळी उतरली की डोकं धरतं, मग पुन्हा गोळी.

उपायाची आखणी ठरलेली असते. रोजची गोळी बंद. रात्री अमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत. हे नैराश्यावरचं औषध, हे कळल्यावर काकू भडकल्या, "मला काय वेड लागलंय?" डोकेदुखीला त्याचा डोस बराच कमी लागतो. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते. काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर दुसरं औषध निवडतात. गुण येतो की नाही, हे दोन-तीन महिन्यांशिवाय ठरवत नाहीत.

पहिला आठवडा वाईट गेला. उलट्या, चिडचिड, खिडक्या बंद. गोळी सोडल्यावर दोन ते दहा दिवस असं होतं, हे आधी सांगितलं होतं म्हणूनच घर टिकलं. अगदीच असह्य झालं तर आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस गोळी, तीही डॉक्टरांनी ठरवलेली.

मात्र वीज पडावी तसं अचानक दुखलं, सोबत ताप आला किंवा हात-पाय लुळे पडले, तर ही आखणी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.

तिसऱ्या महिन्याचं पान. लाल ठिपके नऊ. त्यातला एक संकष्टीच्या चौकोनात. जेवणाची वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. उपास काही काकूंनी सोडलेला नाही. पुढच्या संकष्टीचा चंद्रोदय कितीला आहे, ते तेवढं बघून ठेवलंय.